लाहूचं खोरं आणि चंद्राची खोरी

लाहू बोलायला लागला की त्याच्या हातातलं खोरं थांबतं, हे रानशेतच्या पाड्यावर पोरंसोरंही जाणतात. तरी विहिरीची असो की घराच्या पायाची, माती ओढायला पहिली हाक त्यालाच. काम चोख हो, पण जिभेला हाड नाही.

ह्याची लेक निलम कॉलेजात दगडमातीचं शास्त्र शिकते. विज्ञान दिनाला पाड्याच्या शाळेत तिचं भाषण ठरलं. फळ्यावर विषय लिहिला, 'चंद्रावरची प्रचंड खोरी'.

झालं! लाहू अर्ध्या हळकुंडानं पिवळा. नदीचंही खोरं असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. चहाच्या टपरीवर, चिकूच्या वाडीत सांगत सुटला, "पोरगी माझ्या खोऱ्यावर बोलणार! चंद्रावरपण हेच लागतं!"

"अरे, आधी तिला विचार तरी," बायको, शुक्री, म्हणाली. पण छे! ह्यानं खोरं घासून लख्ख केलं, खांद्यावर टाकलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला.

निलम बोलू लागली, "आपलं सूर्या नदीचं खोरं असतं ना, तसे चंद्रावर खोलगट प्रदेश आहेत. अब्जावधी वर्षांपूर्वी जिल्ह्याएवढाले दगड तिथं आदळले. एका खोऱ्यात तर अख्खा महाराष्ट्र हरवेल."

"लाहूदादा, तुझं खोरं घरी ने आता!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसून लोळले.

लाहूचे कान तापले. आपल्याला हसले त्याचं काही नाही, ते रोजचंच. पण पोरीला आपली लाज वाटली तर? तो निघायला उठला, पण गप्प निघेल तर लाहू कसला! उठता उठता विचारलंच, "मग एवढी माती गेली कुठं?"

पुन्हा हशा. खणणाऱ्याला दुसरं काय सुचणार?

निलम मात्र हसली नाही. "बरीच उडून लांबवर पडली. भोवती डोंगरांची कडी उभी राहिली, एकाबाहेर एक. पुढं खालून लाव्हा वर आला आणि तळ भरला. आपल्याला चंद्रावर ससा दिसतो, तो म्हणजे हाच काळा थर."

मग ती सगळ्यांकडे वळली. "हे विचारलं ते माझ्या बाबांनी. ह्यांनी खणलेल्या विहिरीच्या काठावर बसूनच मी मातीचे थर बघायला शिकले. तुमचं हसून झालं असेल तर पुढं सांगते."

लाहू मटकन खाली बसला. त्याला रडू आलं, आणि ते त्यानं लपवलंही नाही.