एकही स्टोव्ह कमी नाही

माझ्या ताब्यातली वस्तू आजवर कधी कमी झाली नाही, आणि त्यामुळेच वहिनींचं दुकान बुडायला आलं होतं.

हे मी घरात कधी कबूल केलं नाही. आमच्या घरात बोलायचं काम दोघीजणी करतात: एक माझी बायको, आणि दुसऱ्या माझ्या थोरल्या भावाच्या माघारी आमच्यात राहणाऱ्या वहिनी. मी ऐकतो. पण आता लिहूनच टाकतो.

मी ग्वाल्हेरच्या सरकारी कोठारावर होतो. वडीलही तिथेच, आजोबाही तिथेच. आमच्या घराण्याची विद्या एवढीच, की आत आलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. कोणी कंदील मागायला आला की मी विचारायचो, "जुन्याला काय झालं?" फुटला म्हणाला, तर "काचा आणा." काचा आणल्या, तर "साहेबांची सही?" सही आणेपर्यंत बहुतेकांना अंधाराची सवय होऊन जायची. (वडिलांनी तर म्हणे कोणाच्या लग्नासाठी मागितलेल्या सतरंज्या त्यांच्याकडच्या बारशाला सोडल्या होत्या!)

मग आमचं मध्य भारत राज्य नव्या मध्य प्रदेशात विलीन झालं. राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागून कचेऱ्या. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली कितीतरी मराठी घरं ट्रंका बांधू लागली. माझं कोठारच मोडीत निघालं. मी भोपाळला गेलो नाही. दुसऱ्याच्या कोठारात काय कमी आहे हे आयुष्यभर शोधत बसायची माझी तयारी नव्हती.

नेमकं तेव्हाच मुंबईच्या एका स्टोव्ह कंपनीनं नवं धोरण काढलं. इथल्या सगळ्या एजन्स्या दाल बाज़ारातल्या मोजक्या पेढ्यांच्या हातात होत्या. आता काही एजन्स्या, ज्यांच्या घरात कधी कोणी दुकानात बसलं नाही, अशांना द्यायच्या ठरल्या: निर्वासित, विधवा, नोकरी गेलेले. पहिली वहिनींना मिळाली. पाटल्या मोडून त्यांनी अनामत भरली. कंपनीचे साहेब स्पष्टच म्हणाले, "तुमचं चाललं, तर पुढच्या अशा लोकांना देऊ. नाही चाललं, तर पुन्हा पेढीवाल्यांकडे." कंपू मोहल्ल्यातल्या एक निर्वासित बाई तर पुढची एजन्सी आपल्याला मिळावी म्हणून देव पाण्यात घालून बसल्या होत्या.

"भाऊजी, उद्यापासून मी बसते दुकानात," वहिनी म्हणाल्या.

"दाल बाज़ारात? बाईमाणसानं?" मी म्हणालो. "मी बसतो."

वहिनी गप्प राहिल्या. तो मी होकार समजलो. (कोठारात गप्प राहणारा म्हणजे मागणी मागे घेतलेला!)

पहिलं गिऱ्हाईक आलं, ते कंपूच्या इस्पितळातले कंपाउंडर. एकटा जीव, पहाटेची ड्यूटी.

"पंडितजी, एक स्टोव दे दो."

"किसलिए?"

"खाना पकाने के लिए, और किसलिए!"

"अभी किस पर पकाते हो?"

"चूल्हे पर."

"चूल्हा टूट गया?"

"नहीं तो."

"फिर?"

 ते स्वतःशीच "हाँ, फिर..." असं पुटपुटत निघून गेले. मला बरं वाटलं. खरंच सांगतो, बरं वाटलं! त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला मी असंच समजावून परत पाठवलं. समोरचा डाळवाला पोत्यांवर रेलून रोज विचारायचा, "पंडितजी, आज कितने बचाए?" मी अभिमानानं सांगायचो, "सब!" घरी वहिनी विचारायच्या, "कसं चाललंय, भाऊजी?" मी म्हणायचो, "चोख." यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि हेच मला आजही टोचतं.

एका दुपारी कंपनीचे साहेब तपासणीला आले. मी तर याच दिवसाची वाट पाहत होतो! सगळे स्टोव्ह पुसून रांगेत मांडले होते.

"मोजून घ्या साहेब. एकही कमी नाही."

"एकही?"

"धुळीचा कण दिसला तर सांगा!"

साहेब मटकन खाली बसले. "अहो, एखादा चोरीला तरी जाऊ द्यायचा होतात!" मग थंडपणे म्हणाले, "प्रयोग फसला. एजन्सी परत घ्यावी लागेल. आणि यापुढे असल्या नव्या माणसांना नाहीच."

 पाहतो तो दारात वहिनी, हातात माझा डबा. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"साहेब, एजन्सी कोणाच्या नावावर आहे?"

"तुमच्या."

"मग माझं चाललं की नाही ते अजून कोणी पाहिलेलंच नाही. भाऊजी, उठा."

मी उठलो. वहिनींनी रांगेतला एक स्टोव्ह दुकानाच्या पायरीवर ठेवला, घासलेट भरलं, काकडा पेटवला, पंप मारला आणि चहाचं आधण टाकलं. त्या आवाजानं अख्खा बाज़ार गोळा झाला. "चूल फुंकणाऱ्या सगळ्या बहिणींना विचारा, डोळ्यांचं काय झालंय," वहिनी ठणकावून सांगत होत्या, मराठी अर्धं, हिंदी अर्धं. "यात धुआँ नाही, राख नाही!"

गर्दीत कंपाउंडरही होते. त्यांनी पैसे दिले, रांगेतला एक कोरा स्टोव्ह उचलला. आणि माझे हात माझे राहिले नाहीत! मी स्टोव्हचे पाय धरले.

"दस्तख़त!" मी ओरडलो.

"काहे के दस्तख़त? पैसे दे दिए!"

ते ओढतायत, मी ओढतोय. तीन पिढ्या माझ्या दोन हातांत उतरल्या होत्या.

"भाऊजी, सोडा!" वहिनी कडाडल्या.

मी सोडला. कंपाउंडर स्टोव्हसकट उताणे जाऊन पडले ते समोरच्या तूरडाळीच्या पोत्यात! डाळवाला बोंबलला, साहेबांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. वहिनींच्या पाटल्या गेल्या, कंपूच्या बाईंचीही आशा गेली, आणि सगळं माझ्या हातून.

वहिनींनी डाळीतून आधी कंपाउंडरना उठवलं, मग स्टोव्ह काढला, पदरानं पुसून वर धरला. "देख लो! इतना पटका, कहीं पोचा आया?"

संध्याकाळपर्यंत रांग रिकामी झाली होती. साहेब जाताना त्या मोकळ्या फळीकडे समाधानानं बघत होते. मला तिच्याकडे बघवेना.

एजन्सी राहिली. कंपूच्या बाईंनाही मिळाली, आणि पुढे आणखी काही घरांना. मी मध्ये बसलो नसतो, तर त्यांना इतके दिवस ताटकळावं लागलं नसतं. वहिनींनी त्यावर मला कधी एक शब्द ऐकवला नाही. फक्त गल्ल्यावरून उठवून मागच्या खोलीत मालाच्या राखणीला बसवलं. त्या कामात माझा हात धरणारा ग्वाल्हेरात नाही.

घरी मात्र अजून चूलच आहे. बायकोनं स्टोव्ह मागितलाय. मी विचारलंय, जुन्या चुलीला काय झालं?