मऊ करणारे साहेब

आमच्या चाकणच्या कंपनीत एचआरला एक साहेब आहेत. कामगार चिडले की ते खुर्चीतून उठतात, शर्टाच्या बाह्या सारख्या करतात आणि म्हणतात, "थांबा, मॉलिफाय करून येतो." या शब्दाचा त्यांना भारी अभिमान. मूळ लॅटिन, अर्थ मऊ करणे, हे त्यांनी मला कितीदा तरी ऐकवलंय. राग मिटवायचा तर त्याचं कारण मिटवावं लागतं, म्हणे. मऊ करायला नुसता चहा पुरतो.

मला संताप येतो तो त्यांच्या गोड बोलण्याचाच. लातूरच्या माणसाशी लातूरचं बोलतात, कोकणातल्याशी कोकणातलं. खांद्यावर हात ठेवून "भाऊ, मी आहे ना" म्हटलं की समोरच्याचा आवाज खाली येतो. गाऱ्हाणं तिथंच राहतं. हात आत गेला की प्रेस मशीन थांबवणारा सेन्सर बंद आहे, हे मी सुपरवायझर म्हणून त्यांच्या कानावर घालून थकलो. दर वेळी मलाही चहाच मिळाला.

परवा त्या प्रेसखाली एकाची बोटं गेली. नवऱ्याला दवाखान्यात दाखल करून त्याची बायको थेट कंपनीत आली. साहेबांनी माझ्यासमोरच तिला एसीत बसवलं आणि "ताई, आधी चहा घ्या" म्हणत कप पुढे केला.

तिनं कपाला हात लावला नाही. "च्या नगं मला. त्या मशीनवर आत्ता कोण उभं हाय?"

भिंतीपलीकडून प्रेसचे ठोके ऐकू येत होते. साहेब माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "हिला जरा वेळ लागेल."