सार्जंटांची थोरली

सुदाम सार्जंटांच्या स्वयंपाकघरात चुलीमागच्या भिंतीवर काळ्या रंगात एक उलथनं रंगवलेलं होतं. शेजारी पळी, सांडशी, झारा, लाटणं. हौसेची चित्रं नव्हती ती. प्रत्येक वस्तू भिंतीला लावून तिची कड आखून घेतलेली, आत रंग भरलेला, वर खिळा आणि खिळ्याला ती वस्तू. वस्तू जागेवर असली की रंग झाकला जायचा, नसली की भिंत बोंब मारायची. मी बदली होऊन बेंबळीच्या शाळेत आले, त्यांच्या शेजारची खोली घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या बायकोकडून, कौसाबाईंकडून, उलथनं मागून नेलं. परत द्यायचं राहिलं. संध्याकाळी गलका ऐकून बाहेर आले, तर सार्जंट दारात आडवे उभे आणि घरी आलेल्या पाहुण्यांना बाहेर पडू देईनात. हत्यार सापडल्याशिवाय कोणी हलायचं नाही म्हणे. पाहुण्यांची एसटी चुकायची वेळ आलेली. मी खजील होऊन उलथनं पुढं केलं. त्यांनी ते खिळ्याला अडकवलं, दोन पावलं मागं सरून भिंत नीट पाहिली आणि मगच पाहुण्यांना वाट दिली.

माझ्या तोंडाला तेव्हाही कुलूप नव्हतं. मी म्हटलं, अहो, उलथनं आहे ते, काही बाँब नाही. त्यावर ते रागावले नाहीत. अगदी शाळेतल्या पोराला सांगावं तसं त्यांनी मला समजावलं, की हरवलेला पाना विमानाच्या पोटात राहिला तर तो जमिनीवर गप्प पडून राहतो. वर गेल्यावर जागा सोडतो आणि विमान वळवायच्या एखाद्या दोरीत अडकतो. मग विमानात बसलेल्यांना खाली यायला रस्ता उरत नाही. "आधी हत्यार मोजायचं, बाई, मग मानूस वर सोडायचा." हे त्यांचं वाक्य मी पुढं इतक्यांदा ऐकलं, की वर्गाच्या सहलीला निघताना पोरं मोजली की तेच माझ्या तोंडात यायचं.

ते साल दुष्काळाचं होतं. गावात खोली विचारायला गेले की लोक आधी माझी जात विचारत, मग माझे यजमान कुठं असतात ते, आणि मग खोली नाही म्हणत. एकटी राहणारी बाई कुणाला नको होती. सार्जंटांनी एवढंच विचारलं, की सकाळच्या बातम्यांना रेडिओ मोठा लावला तर चालंल का. मी चालेल म्हटलं. खोली बौद्ध वस्तीत आहे म्हणून गावातल्या दोघीतिघींनी माझ्याकडं पाणी प्यायचं सोडलं. तसंही त्या वर्षी पाणी होतं कुठं?

छप्पन साली त्यांच्या घरानं धम्म घेतला तेव्हा सुदाम नुकते मिसरूड फुटलेले. बापानं त्यांना बजावलं होतं, शिपाई हो, फिटर हो, काय वाटंल ते हो, पण या गावाची कामं करत जन्म काढू नको. पोरगा हवाई दलात भरती झाला आणि बाँबफेकी विमानांवर फिटर म्हणून लागला. पुढची सारी नोकरी त्याच एका जातीच्या विमानावर झाली. पेन्शन घेऊन गावी आले ते इस्त्रीची पँट, वाटोळी मिशी आणि शिस्त घेऊन. ढोकीच्या साखर कारखान्यातल्या वर्कशॉपमध्ये त्यांना काम मिळालं. पगार वेळेवर होता, माणसं बरी होती. पण जीव तिथं लागला नाही तो नाहीच.

जीव होता त्या विमानात. त्याला ते ‘थोरली’ म्हणायचे. थोरलीच्या अंगावर पावसाळ्यात कसे थेंब धरायचे, थोरलीचं डावं इंजिन थंडीत कसं रुसायचं, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. कौसाबाई भाकरी थापता थापता मला सांगायच्या, "थोरली तिकडं हाय, बाई. आमी आपली धाकली. जुन्नं लगीन हाय तेंचं." सार्जंट ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. एकदा मी सरळच विचारलं, की एवढं काय होतं त्या लोखंडात. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, की गावात त्यांच्या हातचा चहा प्यायला माणूस अजून मागंपुढं बघतो. तिकडं चांगल्या घरातली, शिकलेली पोरं त्यांच्या शब्दावर आपला जीव घेऊन आभाळात जायची. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही.

त्यांच्या शिस्तीपायी गमती मात्र लई व्हायच्या. गावच्या सोसायटीनं ट्रॅक्टर घेतला तेव्हा त्याची देखभाल सार्जंटांवर सोपवली. त्यांनी गोडाऊनच्या भिंतीवर सगळे पाने आखून टाकले. ऐन उसाच्या दिवसांत एका सकाळी एक पाना जागेवर नाही. झालं. ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगला लाल फडकं बांधलं आणि सांगितलं, फडकं सुटेपर्यंत गाडी हलायची नाही. उसानं भरलेली ट्रॉली उभी, ड्रायव्हर शिव्या देतोय, चेअरमन धोतर सावरत येतायत. एवढ्यात ड्रायव्हरच्या आईनं लांबून लाल फडकं पाहिलं. म्हातारीला वाटलं, ट्रॅक्टरला देवीचं काही केलंय. तिनं हळदकुंकू आणलं आणि चाकापुढं नारळ फोडला. मग काय, बाकीच्या बायकाही ताटं घेऊन निघाल्या. सार्जंट कपाळाला हात लावून म्हणाले, "मावशे, नारळ फोडून पाना घावत न्हाय गं." पाना घावला ड्रायव्हरच्या सीटखाली; पठ्ठ्या त्यानं सोड्याच्या बाटल्या उघडत होता. सार्जंटांनी पाना भिंतीला लावला, फडकं सोडलं, आणि खोबऱ्याचा तुकडा मुकाट्यानं खाल्ला.

ऐंशी साल उलटल्यावर रेडिओवर, पेपरात अधूनमधून एक विषय यायला लागला. हवाई दलाची ही जुनी बाँबफेकी विमानं मोडीत काढायची, की त्यांत नवी यंत्रं बसवून अजून काही वर्षं चालवायची? खर्च बराच होता, पण नवी घेण्यापेक्षा कमी. सार्जंटांच्या अंगात वारं शिरलं. जुन्या सोबत्यांकडून त्यांच्या कानावर आलं होतं, की विमानं ठेवायची ठरली तर थोरलीची नस माहीत असलेली जुनी माणसं शिकवायला परत बोलावणार आहेत. त्या दिवसापासून ते कारखान्यातून आले की हातपाय धुऊन माझ्या दारात येऊन बसायचे आणि तिची वकिली सुरू व्हायची. नवं विमान यायला वर्षं जातात. ते समजायला आणखी वर्षं. हिची सगळी दुखणी आपल्याला ठाऊक आहेत. डोळे नवे बसवा, काळीज नवं बसवा, ही अजून धावते.

मी काही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हते. मी म्हणायचे, एका म्हाताऱ्या विमानावर तुम्ही जेवढं उधळणार, तेवढ्यात आपल्या तालुक्यात पाझर तलाव होतील. माझ्या वर्गातल्या मुली उन्हाळ्यात शाळा बुडवून घागरी वाहतात, त्यांनी तुमच्या थोरलीचे लाड का पुरवायचे? ते म्हणायचे, "दुश्मन आला तर तलाव आडवा घालनार का, बाई?" मी म्हणायचे, तलाव नसला तर दुश्मनाला यायचं कारणच काय, आम्ही तशाच मरू. मग ते हसायचे. हसता हसता थांबायचे. आणि एकदा मान खाली घालून म्हणाले, "तुमचं खरं असंल. पर मला एकडाव जायचंय वो तिथं." त्यानंतर मी तलावाचा विषय काढला नाही. पगारी नोकरी असलेला, पोरीचं लग्न झालेला, घरदार असलेला माणूस असा एखाद्या गोष्टीसाठी तहानलेला असतो, हे मला आधी माहीत नव्हतं.

आणि एक दिवस खरंच जीप आली. सार्जंटांनी ज्यांचं विमान सांभाळलं होतं ते वैमानिक, आता मोठे अधिकारी झालेले. नागपूरकडचे होते, मराठी बोलणारे. सोलापूरहून पुढं निघाले होते, मुद्दाम वाट वाकडी करून आले. पोरांचा हा घोळका जीपभोवती जमला. कौसाबाईंनी मला हाक मारून चहा ठेवायला सांगितलं आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. मला वाटलं, लुगडं बदलायला गेल्या.

साहेब अंगणातल्या बाजेवरच बसले. चहा प्याले, घराकडं कौतुकानं पाहिलं. मग मुद्द्यावर आले. विमानांचा निर्णय वर व्हायचा होता, पण या साहेबांकडून मत मागवलं होतं. कागदावरचं सगळं त्यांनी वाचलं होतं, शिकलेल्यांचं ऐकलं होतं. ठेवायची ठरली तर सार्जंटांना शिकवायला नेणार, क्वार्टर देणार, हेही त्यांनी सांगून टाकलं. सार्जंट इतके ताठ बसले होते की मला त्यांच्याकडं पाहवेना. त्यांचं सगळं दैव त्या बाजेवर येऊन बसलं होतं. साहेब म्हणाले, "सुदाम, वर जायच्या आधी मी तुला एकच विचारायचो. नेऊ का? तू हो म्हणालास की मी डोळे झाकून जायचो. आज माझ्या हाताखालची पोरं तिच्यात बसतात. आणखी दहा वर्षं नेऊ का तिला?"

पोरं काय वयाची असतात आता, असं सार्जंटांनी विचारलं. साहेब म्हणाले, आपण होतो त्याच वयाची. अंगणात बादली होती. सार्जंट तिच्या कडीकडं बघत बोलायला लागले, की तार एकदा वाकवली, सरळ केली, परत वाकवली, तर दिसायला तशीच दिसते. पण आतून थकते. मग एक दिवस भरल्या बादलीसकट तुटते. "साहेब, इंजिन नवं बसंल, डोळे नवे बसतील. पंखाचं हाड तेच हाय. किती डाव वाकलंय, ते म्या बघितलंय." मग म्हणाले, "नेऊ नका."

उठताना साहेबांनी सार्जंटांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला. जीप गेली. सार्जंट उठून बादली घेऊन हौदाकडं गेले, पाणी आणून झाडांना घातलं. मी कपबशा विसळत होते आणि मला रडू येत होतं. इतके महिने माझ्या दारात बसून त्यांनी जी वकिली केली होती, ती खटला उभा राहिला त्या दिवशी त्यांनी स्वतःच मोडून टाकली.

पुढं काय झालं ते ऐका. काही महिन्यांनी रेडिओवर बातमी आली. विमानं ठेवायची ठरली. नवी यंत्रं बसवायची, चालवायची. सार्जंटांच्या माहितीतली दोन जुनी माणसं शिकवायला गेलीसुद्धा. ह्यांना बोलावणं येणार कसं? ह्यांनीच नको म्हटलेलं. मी त्यांचं तोंड पाहायला धावत गेले, तर ते रेडिओ बंद करून बसलेले. "उडतीय थोरली," एवढंच म्हणाले. आनंद झाला होता की भीती वाटत होती, मला ओळखता आलं नाही. दोन्ही असेल.

त्यानंतर त्यांचा सकाळचा रेडिओ हा एक छळ होऊन बसला. बातम्या संपेपर्यंत ते चहाला हात लावायचे नाहीत. कुठं अपघात तर नाही ना, हे ऐकून झालं की कप उचलायचे. एकदा कौसाबाईंना राहवलं नाही. माझ्यासमोरच त्या म्हणाल्या, "व्हय म्हनला असता तर ती तुमच्या हाताखाली तरी उडली असती. आता कुनाच्या हातात हाय काय म्हाईत." मला वाटलं, आता हे चिडतील. ते शांतपणे म्हणाले, "त्ये बी खरं हाय, कौसा." आणि चहा प्याले. त्यांनी स्वतःला कधी शहाणं ठरवलं नाही, की चुकलो असंही म्हटलं नाही.

माझी बदली मुरुमला झाली. जाताना त्यांनी माझं सामान टेंपोत चढवलं आणि मी नको नको म्हणत असताना प्रत्येक नग मोजला. दोनेक वर्षांनी छातीच्या दुखण्यानं ते गेल्याचा निरोप आला. मी पोचले तेव्हा माती होऊन गेली होती. बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती जळत होती, वंदना म्हणून माणसं पांगत होती. कौसाबाई मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. मी त्यांचा हात धरून बसले. ते शेवटी काही बोलले का, असं विचारलं. नाही म्हणाल्या. मग कोपऱ्यातल्या हवाई दलाच्या काळ्या ट्रंकेकडं बघत त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"सायेब भाईर बोलत हुते न्हवं, तवा म्या ही भरत हुते, बाई. इस्तरीची कापडं वर, मफलर खाली, शेंगाची चटनी एका डब्यात. म्हनलं, आता व्हय म्हनतील, मग घाई नको व्हायला. आन् हे न्हाय म्हनले. म्या इथनं ऐकलं. तेंला कळू दिलं न्हाय, पर लई दिवस म्या ही मोकळी केली न्हाय. वाटायचं, उद्या मन पलटलं तर?"