पडदेकाकूंचा सिंहमासा

निम्म्या गल्लीच्या खिडक्यांचे पडदे शिवलेले, म्हणून सगळे त्यांना पडदेकाकू म्हणत. शिलाई मशीनशेजारीच त्यांची खाऱ्या पाण्याची टाकी होती. मीठ तोलून घालायचं, खारटपणा रोज मोजायचा. तीन वर्षांत पाणी एकदाही बिघडलं नव्हतं.

एकदा त्या शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानात पडद्यांचं माप घ्यायला गेल्या. कोपऱ्यातल्या काचेमागे एक बुटका सिंहमासा दिसला. मुठीएवढा, तांबूस पट्ट्यांचा, पण पोट पार खपाटीला गेलेलं.

"त्याच्या नादी लागू नका, काकू," मासेवाला म्हणाला. "पाठीवरच्या काट्यांत विष आहे. शिवाय जिवंत कोळंबीशिवाय तोंड उघडत नाही, आणि ती मिळेनाशी झालीय. आठवडाभराचा सोबती आहे बिचारा."

"मग द्या मला. बघूच, कोण जास्त हट्टी ते!"

टाकीतले दोन चिमुकले मासे या पाहुण्याने गिळले असते, म्हणून ते त्यांनी आधी दुकानात पोचवले. घरी नवरा, निवृत्त बस मेकॅनिक, दारातच आडवा आला. "विष घरात आणलंस?"

"तो अंगावर येत नाही हो. आपणच हात घालायचा नाही. चुकून काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायचा आणि लगेच डॉक्टरकडे जायचं."

मग सुरू झाली खरी परीक्षा. लांब काडीच्या टोकाला गोठवलेल्या कोळंबीचा तुकडा लावून काकू रोज टाकीपाशी बसत. मासा ढुंकूनही बघेना. नवरा म्हणाला, "उपोषणाला बसलाय." काकूंना मात्र कळलं, की न हलणारी गोष्ट याच्या लेखी खाणंच नाही. त्यांनी मनगट सैल सोडलं. जरा थरथरवायचं, थांबायचं, पुन्हा किंचित हलवायचं. आयुष्यभर सुईने कमावलेला हात तो, कुठे थांबायचं ते त्याला ठाऊक होतं.

नवव्या दिवशी मासा वळला. पंख पसरले, हळूच पुढे आला, आणि गप्पकन तुकडा गायब!

"अहो!" काकू किंचाळल्या. नवरा गरम पाण्याचं पातेलं घेऊन धावत आला.

"कुठे डसला?"

"डसला नाही, जेवला!"

पुढे चार महिन्यांनी मासेवाला बघायला आला. गुबगुबीत मासा काडीमागे वळताना पाहून त्याने तोंडात बोटच घातलं. "एवढी वर्षं धंद्यात आहे मी, पण मला नाही जमलं हे."

मग तो आपली गिऱ्हाइकंच काकूंकडे पाठवू लागला. एक दातांचे डॉक्टर तर वही घेऊन आले. नवऱ्याने दार उघडून रुबाबात विचारलं, "कोळंबीच्या शिकवणीला ना? या, बाई आत आहेत."

आठवड्याने त्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांचाही मासा जेवला होता. काकूंनी आधी नवऱ्याला सांगितलं, मग शेजारणीला, आणि दुपारी मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून मासेवाल्याला सांगायला निघाल्या.