लीलाधरच्या वजनाची पट्टी

शिंदखेड्यात माझं पंक्चरचं दुकान बस स्टँडसमोर आहे, त्यामुळे हट्टी माणसं मी रोज पाहतो. पण शेजारच्या खोलीत राहणाऱ्या लोटनभाऊंच्या हट्टाला तोड नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि भिंतीला टेकून उभे स्प्रिंगच्या पायांचे दोन जोड. एक त्यांचा, एक लीलाधरचा.

हे पाय गुडघ्याखाली चामड्याच्या पट्ट्यांनी आवळून बांधायचे. मागच्या बाजूला धनुष्यासारखी वाकलेली फायबरची पट्टी, खाली ट्रकच्या टायरमधून कापलेला रबरी खूर. उडी मारली की माणूस थेट घोड्यावरच्या नवरदेवाच्या फेट्यापर्यंत पोचतो. लोटनभाऊ आणि लीलाधर ही जोडी एके काळी बँडच्या पुढे उड्या मारायची. समोरासमोर उसळायचे आणि हवेतच एकमेकांना टाळी द्यायचे. ती टाळी पाहायला बायका ओट्यावर येऊन उभ्या राहायच्या. नवरदेवाकडे कोणी बघायचं नाही, मग वरपक्ष रुसायचा.

पुढे लीलाधर सुरतेला लूमवर कामाला गेला. "लगीनसराईले येसू," असं सांगून गेला. त्या लगीनसराईला आला नाही, पुढच्याही नाही. बायकापोरांनाही तिकडेच नेलं. दिवाळीला फोन यायचा, तोही हळूहळू तुटक झाला. लोटनभाऊ एकटेच वरातीपुढे उड्या मारत राहिले. एकट्याची उडी लोक बघतात आणि दुसऱ्या क्षणाला मोबाइलमध्ये बघतात. हे त्यांना लागायचं. मला ते दिसायचं.

पायांची निगा मात्र दोन्ही जोडांची. खुराजवळचे बुश काढून धुवायचे, ग्रीस भरायचं, बोल्ट आवळायचे. मग कापसाचा पुंजका घेऊन पट्टीवरून वरून खाली अलगद फिरवायचा. कुठे तंतू अडकला की समजायचं, तिथे चीर धरलीय. डोळ्याला न दिसणारी चीर कापसाला कळते. उन्हाळ्यात तर वरात नसली की तापू नयेत म्हणून दोन्ही जोड गोधडीत गुंडाळून खाटेखाली, आणि हे स्वतः पत्र्याखाली घामाघूम. सुरुवातीला त्यांच्या पायांना मोटरसायकलच्या शॉकअपच्या स्प्रिंगा होत्या. फायबरच्या पट्ट्या बाजारात आल्यावर भाऊंनी आधी लीलाधरच्या पायांना बसवल्या, मग स्वतःच्या. पट्टी माणसाच्या वजनाप्रमाणे घ्यावी लागते. कडक असली तर उसळत नाही, मऊ असली तर खाली टेकते. लीलाधर काडीसारखा, म्हणून त्याची पट्टी पातळ. ती लोटनभाऊंच्या काय, गावात कुणाच्याच उपयोगाची नव्हती.

मी चिडवायचो, "भाऊ, ज्याला वापरायचे तो सुरतेत, आणि तेलपाणी इथं!"

"भूपेंद्र, तो ऊना आनि पट्टी मोडनी, त काय सांगू त्याले?" असं म्हणून ते पुन्हा कापूस फिरवायला लागायचे. मला राग यायचा. लीलाधरचा जास्त यायचा.

यंदा वैशाखात त्याचा फोन आला. मुलीचं, ज्योत्स्नाचं लग्न, धुळ्याच्या मंगल कार्यालयात. नक्की ये, म्हणाला. आमच्याकडे वाजंत्रीवाला दोस्ताच्या घरच्या लग्नाला रिकाम्या हातानं जात नाही. ढोलवाला ढोल नेतो, सनईवाला सनई. बोलावणाऱ्यानं तसं सांगावंही लागत नाही. त्यामुळे लोटनभाऊंनी दोन्ही जोड खाटेखालून काढले, खूर नवे कापले, दोघांचे वरातीतले विटलेले झगे धुऊन इस्त्री केले. इतके दिवस मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. शेवटी पाय माझ्या मोटरसायकलला बांधून आम्ही धुळ्याला निघालो.

कार्यालयाच्या दारात लीलाधर उभा होता. मी तर त्याला ओळखलंच नाही. सफारीत न मावणारं पोट, गळ्याला दुहेरी घडी, एका पायावर भार देऊन चालणं. दोघांनी मिठी मारली. लोटनभाऊंचे हात त्याच्या पाठीवर पुरेनात. बाजूला होऊन त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, चेहरा उतरला, आणि पायांचे दोन्ही जोड उचलून ते मागच्या अंगणात गेले.

मी मागोमाग गेलो तर भाऊ पाने काढून बसलेले. स्वतःच्या पायांच्या पट्ट्या सोडवून त्या लीलाधरच्या पातळ पट्ट्यांना जोडत होते, जास्त वजन पेलायला ट्रकच्या कमानीला वरून एक पाटा चढवतात तशा. वर यू-बोल्ट आवळत होते. कपाळावरून घाम पट्टीवर ठिबकत होता.

"भाऊ, मग तुम्ही कशावर उडणार?" मी विचारलं.

"आधी तो उभा ऱ्हावू दे," ते म्हणाले.

तोवर लीलाधर शोधत आला. आचारी बट्ट्या तळत होते, घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा वास सगळीकडे पसरला होता. त्याने मांडलेले पाय पाहिले आणि तो ओशाळला.

"लोटन, हाई काय करी ऱ्हायना?"

"एक पट्टी चढाई दिधी. आते तुन्हं वजन झेली."

लीलाधर अवघडत खाली बसला. लोटनभाऊंच्या हातातला पाना त्याने काढून घेतला. "मी तुले उड्या माराकरता नही बलायं, गड्या. जेवाकरता बलायं. मन्हा गुडघा कव्हयच गया. हाई पाय मी इसरी गयथू."

बाहेर नवरदेवाचा डीजे सुरू झाला. लीलाधरला कोणीतरी हाक मारली, तो उठून गेला. वाईट माणूस नव्हता तो. पंगतीत त्याने स्वतः येऊन लोटनभाऊंना आग्रहाने बट्टी वाढली, तुपाची धार सोडली. भाऊंनी जेवून घेतलं. वरात दाराशी आली, ते उठून बघायलाही गेले नाहीत.

परतताना वाटेतलं सोनगीर मागे पडलं तेव्हा त्यांचं डोकं माझ्या पाठीला टेकलेलं होतं. मला वाटलं, मागच्या मागे झोपले की काय. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भूपेंद्र, इतला भारी तो कव्हय व्हयना? माले कोनी सांगंच नही."