रशीदभाईंची पाचवी चाचणी

रशीदभाई चांगला चालणारा संगणक दिवसातून दहा-बारा वेळा मोडून टाकत. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी दचकले होते. जवळा बाजारला भावाच्या शिलाईच्या दुकानावर त्यांची खोली होती. खोलीत खरा संगणक एकच, पण त्याच्या पोटात ते नुसत्या प्रोग्रामनं दुसरा संगणक उभा करत, त्यात मी लिहिलेलं सॉफ्टवेअर बसवत, तासभर त्याला छळत, आणि काम झालं की एका आज्ञेसरशी तो अख्खा संगणक पुसून टाकत. पुढच्या चाचणीला पुन्हा नवा, कोरा.

“हा चालूच होता की. यातच पुढचं बघा ना,” मी म्हणाले होते.

“उष्ट्या ताटात वाढायचं न्हाई बेटा,” ते म्हणाले. “आधीच्या भाजीचं मीठ कोणतं अन् तुझ्या भाजीचं कोणतं, कसं कळंल?”

हिंगोलीच्या एका कॉलेजात ते प्रयोगशाळेत मदतनीस होते. त्याआधी रेडिओ दुरुस्त करायचे. लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी फुकटची प्रणाली, ते आपलं आपण शिकले. मी साखऱ्याची. पुण्यातल्या एका लहानशा गटासाठी गावातूनच काम करायची. खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत लसींचे फ्रिज असतात, त्यांच्या तापमानावर नजर ठेवणारा प्रोग्राम आम्ही फुकट देत होतो. दोन ते आठ अंश ही लसींची मर्यादा. ती ओलांडायच्या आधी भोंगा वाजायचा आणि सिस्टरच्या फोनवर निरोप जायचा.

अडचण एवढीच, की दवाखान्यांतले संगणक जुने, कुणी कुणी दान दिलेले. लिनक्स म्हटलं तरी ते एक नसतं. सोयाबीनचे वाण असतात तसे त्याचेही वाण आहेत, आणि आमच्या दवाखान्यांत त्यातले पाच होते. एकावर नीट बसलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर बसेलच असं नाही. म्हणून प्रत्येक नवी आवृत्ती आधी रशीदभाईंकडे जायची. ते पाचही वाणांचे खोटे संगणक उभे करून पाहायचे. मी घाई केली की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, “काहून पळून राहिली? चार पाय बराबर अन् एक आखूड, तरी खाट डगमगतेच.” खाटेला पाचवा पाय कुठून आला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

मी सांगते तो दिवस उन्हाळ्याच्या तोंडावरचा. पुण्याच्या प्रमुखांना नवी आवृत्ती संध्याकाळच्या आत सगळीकडे हवी होती. सकाळपासून त्यांचे तीन फोन झाले. कोऱ्या संगणकांवरच्या पाचही चाचण्या आदल्या दिवशीच पार पडल्या होत्या. तरी रशीदभाई म्हणाले, “दुपारपर्यंत थांब. दवाखान्यातला संगणक कोरा न्हाई. तिथं जुनी आवृत्ती बसलेली हाय. आधी जुनी बसवतो, मग तिच्यावर नवी चढवून बघतो.”

मी बरं म्हणाले. आणि अकरा वाजता, त्यांना न सांगता, एका दवाखान्याला नवी आवृत्ती पाठवून दिली. एकाच ठिकाणी तर आहे, काय होणार, असं मनाला सांगितलं. प्रमुखांना ‘सुरुवात केली’ असं कळवता येईल, हा खरा हेतू.

एक वाजता मी त्यांच्या खोलीवर पोचले. चार वाण झाले होते, चारही ठीक. पाचव्यावर त्यांनी जुनी आवृत्ती बसवली, तापमानाची मर्यादा भरली, मग नवी चढवली. पडद्यावर सगळं हिरवं आलं. मी उठायला लागले.

“बस,” ते म्हणाले. त्यांनी मर्यादांची फाईल उघडायला सांगितली. संगणक म्हणाला, अशी फाईलच नाही. त्यांनी खोटं तापमान वाढवत नेलं. नऊ. बारा. वीस. भोंगा गप्प.

रशीदभाई पडद्याकडे बघतच बोलले, “ह्या वाणात आधी नवं येतं, मग जुनं जातं. नवा भाडेकरू सामान लावून बसला, अन् जुना जाता जाता खोली झाडून गेला. सामान कुणाचं, ते त्यानं बघितलं न्हाई.” मग माझ्याकडे वळून, “पुण्याला फोन कर. थांबव म्हणावं.”

मी फोन हातात घेतला, पण नंबर लावला नाही.

“काय झालं?”

“एका ठिकाणी गेलंय,” मी म्हणाले. “मीच पाठवलं. अकरा वाजता.”

“वाण कोणता?”

“हाच.”

त्यांनी एकच प्रश्न विचारला, कुठं. सिद्धेश्वरच्या पलीकडचं गाव मी सांगितलं. पुण्याला थांबा म्हणून कळवलं. सिस्टरना फोन लावला, लागला नाही. त्या वाडीवर गेल्या असणार, तिथं रेंज नसते. दवाखान्याचा संगणक दिवसातून एकदाच स्वतःहून नवी आवृत्ती उतरवून घ्यायचा; बाहेरून त्यात शिरायची वाट आम्हीच सुरक्षेसाठी बंद ठेवली होती. आणि दुसऱ्या दिवशी तिथं लसीकरण होतं, म्हणजे फ्रिज भरलेला.

मी स्कूटी काढली. रशीदभाई माझा लॅपटॉप पोटाशी धरून मागे बसले. रस्त्याला सावली नव्हती. पाऊण तास ते एक शब्द बोलले नाहीत, आणि ते रागावले असते तर बरं, असं मला सारखं वाटत राहिलं.

शिपायानं दवाखान्याचं कुलूप काढलं. आत पंखा फिरत होता, म्हणजे वीज होती. पण फ्रिजचा आवाज येत नव्हता. सकाळी वीज जाऊन आली तेव्हा त्याचा स्टॅबिलायझर जळाला होता. शेजारी संगणकावर आमचा हिरवा दिवा शांतपणे लागलेला. फ्रिजवरचा आकडा सात पूर्णांक सहा.

आठला अजून थोडं अंतर होतं. रशीदभाई शिपायाला म्हणाले, “बर्फाच्या पट्ट्या कुठं हायत? शीतपेटी आणा, लवकर.” तेवढ्यात सिस्टरही आल्या. लसी कशा हलवायच्या ते त्यांना ठाऊक होतं, त्यांनी एकेक कुपी मोजून पेटीत ठेवली. मी जुनी आवृत्ती परत बसवून मर्यादा भरायला खुर्चीत बसले. दहा मिनिटांनी भोंगा वाजला. इतका कर्कश आवाज मला कधी गोड लागला नव्हता. लसी वाचल्या.

संध्याकाळी पुण्याला अहवाल लिहिला. ‘चाचणी पूर्ण होण्याआधी आवृत्ती पाठवली गेली’ असं माझं वाक्य होतं. रशीदभाईंनी वाचलं. “पाठवली गेली म्हंजे? आपल्या पायानं गेली का? वाक्यात माणूस टाक.” मी ‘मी पाठवली’ केलं. मग त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि खाली दोन बोटांनी एक ओळ टाईप केली: ‘ती घाईत आहे हे मला दिसत होतं. मी हळू आवाजात सांगितलं. माझीही चूक.’ ती काढा म्हणून मी किती विनवलं. ऐकलं नाही. सहा महिने मला कुठंही काही पाठवायची परवानगी नव्हती. ते योग्यच होतं.

पुढच्या पावसाळ्यात रशीदभाई गेले. छातीत कळ आली, परभणीला नेईपर्यंत संपलं. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या पत्नीला, भाभींना भेटायला गेले, तर दवाखान्यातल्या त्या सिस्टर तिथं आधीच बसलेल्या. एकदाच भेटलेल्या माणसासाठी एवढ्या लांबून आल्या होत्या.

“त्या दिवशी तुमी कम्प्युटरवर होता,” सिस्टर मला म्हणाल्या. “रशीदभाई व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसले. तोंड पार वाळून गेलेलं. मी पाणी दिलं तर म्हणले, रोजा हाय सिस्टर.”

रमजान चालू आहे हे मला माहीत होतं. त्या दुपारी एकदाही ते माझ्या मनात आलं नव्हतं.

“घरी आले तर बोलता येत नव्हतं,” भाभी म्हणाल्या. “रोजा सोडल्यावर मी विचारलं, एवढ्या उन्हात कशाला गेलता, काय झालं? काय झालं ते सांगितलं न्हाई. एवढंच म्हणले, पोरगी खरं बोलली.”