धावपट्टीवर कुणी नव्हतं

सयाजीचा विषय निघाला की आमच्या मंगळवार पेठेत अजून हसतात. "विमान उसात घातलं गड्यानं," म्हणतात. मी हसत नाही. ते उसात कुणी घातलं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

सयाजी माझा बालपणापासूनचा दोस्त. उद्यमनगरात लेथवर काम करायचा. १९६९ साली उजळाईवाडीच्या माळावर फ्लाइंग क्लब निघाला आणि विमान शिकायचं खूळ याच्या डोक्यात शिरलं. क्लबात सगळी कारखानदारांची पोरं. हा एकटाच नखांत ग्रीस घेऊन यायचा. इंग्रजी पुस्तक त्यानं शब्दकोश घेऊन पाठ केलं. विमान वर न्यायला पटकन शिकला, पण उतरवताना घोडं अडायचं. जमीन जवळ आली की घाबरून विमानाचं नाक उचलायचा दांडा आधीच ओढायचा आणि विमान बेडकासारखं उड्या मारायचं. शिकवणारे सर सगळ्यांदेखत म्हणायचे, "तू आपला लेथच चालव."

चार महिने त्यानं हे ऐकलं. मग त्याचं त्यालाच उमगलं, की नजर नाकासमोर नको, पट्टीच्या पार टोकाला हवी. कामावर जाताना सायकलवरूनही तो लांब बघायचा सराव करायचा. त्यात दोनदा गटारात पडला. पण उड्या थांबल्या.

एकट्यानं उडायचा दिवस ठरला. ते जमल्याशिवाय परवाना नाही. आमच्या तालमीचे वस्ताद गणपतराव म्हणाले, "आपला पैलवान हाय, चला समदे!" हलगी घेतली. गुलालाचं पोतं मी घेतलं.

सयाजी उडाला, फेरी मारून आला. चाकं इतकी अलगद टेकली की धुरळासुद्धा उडाला नाही. कुस्ती मारली की पैलवानाला उचलायला मैदानात घुसायचं, ही आमची रीत. आम्ही घुसलो. विमान अजून जोरात पळत होतं. आम्हाला वाचवायला त्यानं ते बाजूला वळवलं, चाक चरीत गेलं, नाक उसात रुतलं.

चौकशीत सयाजी म्हणाला, माणसं आडवी आली. पण ते खरं ठरलं तर गर्दी आत घेतली म्हणून सरांची नोकरी जाणार होती, आणि आमच्यावर पोलीस केस. काय सांगायचं, ते सर आणि वस्ताद चौकशीच्या आदल्या दिवशीच ठरवून बसले होते. एकेकाला विचारलं. सगळे म्हणाले, पट्टीवर कुणी नव्हतं. मीही म्हणालो. भ्याड होतो, दुसरं काय! उतरवता येत नाही असा शेरा पडला आणि सयाजीला क्लबातून काढलं.

नंतर मी लेथवर त्याला भेटायला गेलो. शिव्या खायची तयारी होती. त्यानं मशीन बंद केलं.

"बंड्या, चाकं कशी टेकली, बघितलीस न्हवं?"

"बघितली की."

"मग तेवढं तरी सांगायचं हुतंस, लेका. चांगली टेकली म्हणून."

तेवढंसुद्धा मी सांगितलं नव्हतं.